तंबूतले हत्ती आणि आमचे बैल

काल नातवाने मोबाइलवर लढाईच्या नव्या सिनेमाची जाहिरात दाखवली. त्यात हत्ती चीत्कारला आणि माझ्या नाकात एकदम तणसाचा वास शिरला.

सत्तरेक वर्षांपूर्वी अहेरीला तंबूचा सिनेमा आला होता. ‘शेकडो हत्ती, खरी लढाई!’ असं एक माणूस आमच्या गावात डफडं वाजवत सांगून गेला, तेव्हापासून गावाला दुसरा विषयच नव्हता. आम्ही बैलगाडीत भाताचं तणस अंथरून दुपारीच निघालो. तंबूपाशी पोचल्यावर मात्र बाबा गाडीजवळच थांबले.

“काऊन जी, येत नाई का?” आईने विचारलं.

“हत्ती वरडला का बैल बुजतीन. तुमी जा, मी इथीच बसतो.”

“अवो, चित्रातला हत्ती आहे तो!”

“बैलाईले काय मालूम?”

आजूबाजूचे सगळे हसले. पण भोंग्यातून पहिला चीत्कार उठला आणि बाहेर एकच गोंधळ झाला. आपापले बैल धरायला अर्धा तंबू धावला. आम्ही जागचे हललो नाही.

परतताना बाबांनी विचारलं, “कोन जितलं वो पोरी?”

मी सिनेमातल्या राजाचं नाव सांगितलं. आज विचारलं असतं, तर बाबांचंच सांगितलं असतं.