उपाशी वाढणारं झाड

ही गोष्ट मी बऱ्याचदा सांगितली आहे. बागायतदारांच्या बैठकांत, टपरीवर चहा पिताना, एकदा तर माईक हातात घेऊन. दर वेळी खोटी सांगितली. खरी अजून कोणालाच नाही — घरातही नाही.

मी द्राक्षांचा सल्लागार होतो. दिंडोरीकडे आमच्यासारख्यांना शेतकरी 'डॉक्टर' म्हणतात. छाटणी कधी करायची, कोणतं औषध फवारायचं, हे सांगत मी मोटरसायकलवर बागा फिरायचो. नानांची बाग त्यातलीच. नाना साठीचे, मोठे बागायतदार, आणि नव्याची भारी हौस. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते काही शेतकऱ्यांबरोबर दक्षिण आफ्रिकेतल्या द्राक्षबागा बघायला गेले आणि येताना खिशातून बियांची एक पुडी घेऊन आले. प्रोटियाच्या बिया. तिकडच्या डोंगरात वाढणारं झुडूप — बारा महिने हिरवं, चामड्यासारखी जाड पानं, आणि फूल जेवणाच्या ताटाएवढं. पुडीबरोबर एक माहितीपत्रक होतं. इंग्रजीत होतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. मी ते वाचलं, आणि मीच सगळ्यांना समजावून सांगितलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला माहीत नव्हतं असं पुढे कोणी म्हणू नये.

काय होतं त्यात? झाड गरीब जमिनीचं आहे. वाळू-मुरमाची, पाणी न धरणारी माती हवी. मुळं अगदी वरच्या थरात असतात, त्यांना धक्का लावू नका. आणि स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, खत चुकूनही घालू नका. या झाडाची मुळं बारीक झुबक्यांची असतात, नापीक मातीतून कण अन् कण खरवडून घेण्यासाठीच घडलेली. एकदम भरपूर मिळालं की त्यांना थांबता येत नाही. झाड जळतं.

निम्म्या बिया मी लावल्या, नर्सरीतल्यासारख्या ट्रेमध्ये, नीट तापमान बघून. एकही उगवली नाही. उरलेल्या यशोदाने लावल्या.

यशोदा पेठकडच्या डोंगरातली. नवऱ्याबरोबर छाटणीच्या हंगामाला आली आणि नानांच्या मळ्यातच राहिली, पंपाशेजारच्या खोलीत. मुलगी मंदा तेव्हा लहान होती, पुढे गावातल्याच शाळेत जाऊ लागली. यशोदा मला म्हणाली, "आमच्याकडं राब भाजल्याबिगर नागली येत नाय, सायेब. हे बी डोंगराचंच ना?" नागली म्हणजे नाचणी; ती पेरण्याआधी वाफ्यावर पालापाचोळा जाळतात, तो राब. तिने वाळूचा ट्रे चुलीजवळ धुरात ठेवला. दोन-अडीच महिन्यांनी तीन कोंब वर आले. अशा बिया धुराने जाग्या होतात हे मला पुढे एका पुस्तकात सापडलं. नानांना मी सांगितलं, "धुराची ट्रीटमेंट दिली." कोणी दिली, ते नाही सांगितलं. एवढीशी तर गोष्ट — नाही का?

दोन रोपं पहिल्याच पावसाळ्यात कुजली. तिसरं यशोदाने टेकडीच्या उतारावर मुरमाचा उंचवटा करून त्यावर लावलं होतं, ते वाचलं. त्याच्या आसपास ती कोणाला खुरपं चालवू द्यायची नाही, गवत विळ्याने वरच्यावर कापायची. पाच वर्षं. पाचव्या वर्षी दिवाळीनंतर शेंड्यावर कळी दिसली, मुठीएवढी, गुलाबी टोकांची. नाना रोज बघायला जायचे. नाशिकच्या पुष्पप्रदर्शनात ते फूल ठेवायचं, शेजारच्या पाटीवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव लिहायचं, असं त्यांनी ठरवलं. पण कळी काही मोठी होईना. प्रदर्शनाला महिना उरला होता.

मी यशोदाला सहज विचारल्यासारखं विचारलं, थोडं खायला घालू या का? ती म्हणाली, "नको सायेब. उपाशी वाढणारं झाड हाय ते. तुम्हीच तर सांगितलंत."

तरीही एका बाजाराच्या दिवशी, सगळे दिंडोरीला गेले आहेत असं बघून, मी शेडमधलं बारा-एकसष्ट पाण्यात कालवलं आणि बुंध्याशी ओतलं. द्राक्षाला घड निघावेत म्हणून देतात ते खत. जवळजवळ निव्वळ स्फुरद. का केलं? थोड्याने काय होतंय, असं वाटलं. ती पाटी डोळ्यांपुढे होती. आठवड्याने पुन्हा घातलं.

पानं कडेने तपकिरी झाली, मग पिवळी पडली. कळीने मान टाकली. नानांनी मला बोलावून घेतलं. झाडाशी नाना, यशोदा, तिचा नवरा आणि दोन मजूर उभे होते. मी बोटाने माती बाजूला केली. मुळांचे झुबके काळे पडले होते.

"काय झालं हो, डॉक्टर?"

"खत पडलंय," मी म्हणालो. "स्फुरदाचं." हे खरं होतं.

"कोणी टाकलं?"

यशोदा हळूच माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, तुम्हीच नाय का टाकलं? बाजाराच्या दिवशी. मंदाला ताप होता, मी घरीच होते. खोलीतून दिसलं ना."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. मी विसरलोय आणि ती आठवण करून देतेय, असंच ती बोलली. आणि मी — मी हसलो. "मी? नाना, घालू नका, घालू नका म्हणून पाच वर्षं ओरडतोय कोण?"

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. वाक्य तयारच होतं. ते कधीपासून तयार होतं?

नानाही थोडे हसले. मग यशोदाकडे वळून म्हणाले, "चूक झाली असती तर सोडून दिलं असतं गं. पण सायबांवर ढकलतेस?" नाना वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला झाड मेलं म्हणून काढलं नाही. खोटं बोलली म्हणून काढलं.

तिने पुन्हा एकदाही माझं नाव घेतलं नाही. चार दिवसांत त्यांनी खोली रिकामी केली. मंदा चौथीत होती, परीक्षेला दोन-तीन महिने राहिले होते. तिचं दप्तर टेम्पोत भांड्यांवर ठेवलेलं मी पाहिलं. मी तेव्हा बागेतच होतो, घड मोजत होतो. मोजत राहिलो.

त्यानंतर मी ही गोष्ट सांगू लागलो. मजुरांच्या हाती खताची पिशवी देऊ नका, आमच्याकडे काय झालं माहितीये — असं. लोक माना डोलवायचे. सांगून सांगून मला तिचे हातच खत ओतताना दिसायला लागले होते.

तीन-चार वर्षांनी घोटीच्या बाजारात ती भेटली. भाताच्या लावणीला आलेल्या बायकांबरोबर होती. मला टाळता आलं असतं, पण तीच पुढे आली. "बरे हायेत ना, सायेब? नाना कसे हायेत?"

नाना वर्षापूर्वी वारले, मी सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, चांगला माणूस होता. मी मंदाची चौकशी केली. मंदाची शाळा तेव्हाच सुटली होती. आता तीही लावणीला आली होती, त्या तिकडे उभी होती.

जवळपास आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं. नाना राहिले नव्हते, त्यांची बाग मुलांनी दुसऱ्या सल्लागाराकडे दिली होती. खरं बोलून आता माझं काहीही जाणार नव्हतं. यशोदा थोडा वेळ थांबली, माझ्याकडे बघत. मग बायकांना लावणीला नेणाऱ्या जीपवाल्याने तिला हाक मारली.

मी म्हणालो, "बरंय, येतो."