गार पाण्याचा पेला

भर वैशाखात बायकोने पंखा बंद करायला सांगितला आणि मी थर्मामीटर काढला. तिला रक्ताचा कर्करोग आहे. केमोने पांढऱ्या पेशी इतक्या खाली आल्यात, की डॉक्टरांनी बजावलंय, "ताप आला तर घरी गोळी देत बसू नका, तडक निघा."

लहानपणी ताप म्हणजे शाळेला सुट्टी, मऊ भात आणि कपाळावर आईचा हात. आता तिच्या कपाळाला हात लावण्याआधी मी तो साबणाने धुतो. धुतलेल्या गार हाताला सगळंच गरम लागतं, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास नाही.

जिभेखालचा थर्मामीटर वाजला. अठ्ठ्याण्णव.

"बघ, उगाच घाबरतोस," ती म्हणाली.

मी हुश्श केलं. तेवढ्यात उशीआड स्टीलचा पेला दिसला, बाहेरून पाणी सुटलेला. मी हात धुवायला गेलो तेव्हा ती फ्रीजमधलं पाणी प्यायली होती, जिभेखालचा आकडा खाली यावा म्हणून.

"परत दवाखान्यातली ती एकटीची खोली नको रे," ती हळूच म्हणाली.

खरं सांगतो, त्या अठ्ठ्याण्णववर विश्वास ठेवून गप्प बसावं, असं क्षणभर मलाही वाटलं. मग मी दाराशी भरून ठेवलेली पिशवी उचलली, आणि तिने चपला घातल्या.