थोरल्या दिराचं खाकरणं

ते खाकरणं आजही माझ्या कानात आहे. पोलिसातल्या नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ ऐकले, पण इतका खरा दुसरा नाही.

नेकनूरजवळच्या एका गावातून खबर आली, की एक परकी बाई मयत माणसाच्या घराचं कुलूप तोडून आत बसली आहे. फिर्यादी मयताचा थोरला भाऊ, गावात वजन असलेला. बाईला ठाण्यात आणलं तर ती म्हणाली, "परकी कावून, सायेब? बायको हाय मी त्येंची."

पुरावा विचारला, तर काहीच नाही. ती आधीची विधवा. विधवेचं दुसरं लग्न, म्हणजे पाट, आमच्याकडे चार माणसांत उरकतात. ना पत्रिका, ना फोटो, ना नोंदणी. दरसाल दोघं जोडीनं ऊसतोडीला जायची. नवरा अपघातात गेला आणि दोन खोल्या व जमिनीच्या तुकड्यापायी घरच्यांनी तिला परकी करून टाकलं. मला मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटणं म्हणजे तपास नव्हे.

थोरल्याला जबाबासाठी बोलावलं. बाई माझ्या खोलीत बाकावर बसली होती. तो दारापर्यंत आला, थबकला आणि मोठ्यानं खाकरला. बाईनं झटकन पदर कपाळावर ओढून तोंड भिंतीकडे केलं. मगच तो आत आला.

आमच्या मुलखात थोरला दीर असा खाकरतो तो धाकट्या भावाच्या बायकोसाठी. तिला पदर सावरायला सवड मिळावी म्हणून.

"कुणासाठी खाकरलात?" मी विचारलं.

"घसा धरलाय, सायेब."

"बाई परकी, मग दारात थांबलात कशाला?"

हवालदारानं पाण्याचा पेला पुढे केला, "घ्या, घसा धरलाय न्हवं?"

घरफोडीची तक्रार तिथंच गळाली. घराचा हक्क मात्र दिवाणी कोर्टानं ठरवायचा. मी घेतलेले गावकऱ्यांचे जबाब बाईच्या वकिलांना दाखवले, तर ते हसले. "साहेब, पोलिसांपुढचे हे कागद तिथं पुरावा नाहीत. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्यानं पिंजऱ्यात येऊन शपथेवर सांगायचं. तुम्हीसुद्धा."

पाटाला हजर होता ऊसतोड टोळीचा मुकादम. तो कचरत होता. "गावात ऱ्हायचं हाय मला, सायेब."

"पाटाला जेवलास ना?"

"जेवलो की."

"मग खाल्ल्या मिठाला जाग."

तो कोर्टात आला. "पाट लागला तवा मी होतो. टोळीत नवरा-बायकूच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणून मोजतेत. ह्येंचा बी एकच कोयता होता," त्यानं सांगितलं. मी खाकरण्याचं सांगितलं, तेव्हा विरुद्ध बाजूचे वकील म्हणाले, "खोकला कुणालाही येतो." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश तेवढे हसले नाहीत.

ती बायको ठरली. घर तिचं राहिलं.

जन्मभर मी कागद गोळा केले. माणूस बेसावध असताना कसा वागतो हाही पुरावा असतो, आणि तो पाहणाऱ्यानं उभं राहून सांगावा लागतो, हे मला या बाईमुळे कळलं.

निकालानंतर ती व्हरांड्यात बाकावर बसली होती. थोरला बाहेर आला. हरलेला माणूस, मान फिरवून निघून गेला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. तो तिच्यापासून चार हातांवर थांबला आणि सगळ्यांदेखत खाकरला. बाईनं पदर पुढे ओढला आणि त्याआड ती हुंदके देऊन रडू लागली.