पिकू दे

परळीला गाडीतून उतरलो आणि वाऱ्याच्या पहिल्याच झोतात डोळ्यात कचरा गेला. पुण्यात चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काढली, तरी डोळा चोळू नये एवढंही सुचलं नाही. नळावर धुतला तोवर लालबुंद झाला होता.

अंबाजोगाईच्या एसटीत शेजारी एक ऊसतोड करणारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल (बुबुळावरचा पांढरा डाग) पडलेलं.

"पाचट (उसाचं वाळलेलं पान) लागलं," ते म्हणाले. "लई पानी गळायचं, उजेड सोसंना. मध घातला."

"दवाखान्यात नाही गेलात?"

"फडातून कोन सोडतंय? तुमी डॉक्टर हायसा का?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो. ही माझी जुनी खोड.

याच खोडीपायी मी युसूफ वडगावला निघालो होतो. तिथं माझी थोरली बहीण राहते, आक्का. दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला होता. "बाळू, दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय. डोकं ठणकतंय, उलटी हुतीय." मी गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवता दाखवता म्हणालो, "मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग काढू." डोळा बघितलाही नव्हता. आक्कानं जन्मभर शेत केलेलं. पिकायची वाट बघणं तिला काय शिकवायचं? दोन वर्षं ती थांबली; आता दिसेनासं झालं म्हणून मला बोलावलं होतं.

ती दारातच उभी होती, पण बाहेर येताना चौकटीवर खांदा आपटला. दुपारी ज्वारीची भाकरी वाढली आणि पिठलं ताटाच्या कडेबाहेर जमिनीवर ओतलं.

"आता पिकला आसंल की रं," ती हसून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली. डावी बाहुली मोठीच राहिली, आकसेना. बंद पापणीवरून डोळा दाबून बघितला, यंत्रावर दाब मोजला.

"हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. यात डोळ्यातला दाब वाढून नस सुकते. डावा डोळा गेला. उजव्यात समोरचं थोडं उरलंय. तेवढं जपायला थेंब रोज घालायचे. गेलेलं परत येत नाही."

"आनि पिकल्यावर?" आक्कानं विचारलं.

"काचबिंदू पिकत नाही, आजी. पहिल्यांदा कडं दिसलं तेव्हाच यायला हवं होतं. थांबायला सांगितलं कोणी?"

मी बॅटरीकडे बघत राहिलो. आक्कानं थेंबांची चिठ्ठी मागून घेतली.

घरी परतलो तर शेजारीण ओट्यावर वाटच बघत होती. आक्कानं तिला सगळं सांगितलं. शेजारीण हळहळली. "आगं, मंग कावून थांबलीस इतके दिस? तुझा भाऊ तर डोळ्याचाच मानूस."

आक्का माझा हात चाचपत म्हणाली, "त्यानं लई येळा सांगितलं, लौकर दाखव म्हनून. म्याच आयकलं न्हाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिशवीतून थेंबांची बाटली काढली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वाचत बसलो.

आता दुकानात कुणी "मोतीबिंदू पिकू देऊ का?" विचारलं की मी अंगावर ओरडतो, आधी डॉक्टरला दाखवा म्हणून. गिऱ्हाइकं दचकतात. त्यांच्यावर ओरडणं सोपं आहे. वडगावच्या ओट्यावर एक वाक्य बोलायचं होतं, ते मी अजून बोललेलो नाही.