चष्म्याशिवाय पाहिलेला मामांचा सिनेमा

पेठहून नाशिकची एसटी सुटली, तेव्हा मामांनी चष्मा मुद्दाम घरी ठेवला होता. मामा म्हणजे निवृत्त गुरुजी. आमच्या कोकणा आदिवासींत त्यांच्या हाताखालून न गेलेला माणूस सापडणं मुश्कील. गावात शूटिंग झालं त्यात ते 'जंगलचा सरदार' झाले. सदरा काढा, चष्मा काढा, आदिवासी असे नसतात, हे त्यांना मुंबईच्या साहेबांनी प्रेमाने समजावलं होतं. आता थिएटरात लोकांनी ओळखायला हवं ना, म्हणून चष्मा नको! सदरा मात्र मामींनी काढू दिला नाही.

घाटात एसटी गचके देत होती आणि मामा आपलं वाक्य घोकत होते. सिनेमात हिरोला खांबाला बांधलेलं, समोर मामा. 'तुमच्या भाषेत काहीही बोला,' असं सांगितलेलं. दारी आलेल्याला आमच्यात आधी पाणी विचारतात. मामा तेच बोलले होते, "ये, बस. पानी पे. नागलीची (नाचणीची) भाकर खा."

नाशिकला उतरून मिसळ खाल्ली. शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी गाव विचारलं. पेठ म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अय्या, मराठी किती छान बोलता!"

जन्मभर मराठी शिकवलेले मामा म्हणाले, "थँक्यू."

पडद्यावर मामा आले ते उघडेबंब, तोंडाला काळं फासलेले, गळ्यात प्लास्टिकची हाडं. मामींनी माझा दंड घट्ट धरला. मामा खणखणीत बोलले आणि खाली अक्षरं उमटली : 'याची मुंडी देवीला चढवा!' खांबाला बांधलेला हिरो घाबरून किंचाळला. थिएटरात शिट्ट्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"खाली काय लिहिलंय गं?" मामा डोळे बारीक करत म्हणाले.

"तुम्ही बोललात तेच," मी थाप मारली. मामींनी वाचलं होतं. त्यांनी माझा दंड सोडला नाही.

बाहेर मामा दाराशी उगाच रेंगाळले. सदऱ्यातल्या सरदाराला कोण ओळखणार? कॉलेजची दोन पोरं तेवढी "मुंडी! मुंडी!" ओरडत, एकमेकांच्या माना धरत गेली.

"मुंडी कुणाची?" मामांनी विचारलं.

परतीच्या एसटीत सगळं सांगावं लागलं. आता हा सिनेमा मोबाइलवर येणार, त्यांचे विद्यार्थी पाहणार, विद्यार्थ्यांची पोरं पाहणार. लाज वाटायची कुणाला, आणि मान खाली घालून बसलं होतं कोण!

घाट लागला तेव्हा मामा बोलले. "शूटिंगच्या दुपारी त्या हिरोला डब्यातलं जेवण आवडेना. आपल्याच ओट्यावर बसला. तुझ्या मामीच्या दोन भाकरी खाल्ल्या, पाणी मागून प्यायला."

मामींनी मान हलवली.

"तेव्हा नाही गं घाबरला."