नानांची न चाललेली इंपाला

आमच्या गॅरेजमध्ये गाड्या येतात आणि जातात, किस्से मात्र इथेच राहतात. फरशीवरच्या ऑइलच्या डागासारखे, कितीही घासा. धायरीत इक्बालभाईंचं गॅरेज आहे, तिथे जुन्या अमेरिकन गाड्यांचं काम चालतं. गाडीबरोबर मालक येतो. गाडीचं बॉनेट बंद करता येतं. मालकांना तशी सोय नाही.

मी ओंकार. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं आणि इक्बालभाईंकडे लागलो. का सोडलं, हे रोज कुणीतरी रिटायर्ड माणूस विचारतो, त्यामुळे आता इथे सांगत नाही.

आधी बाजाराचं सांगतो. मी शाळेत होतो तेव्हा या गाड्या वरातीला भाड्याने जायच्या, नाहीतर भंगारात. आता कोइंबतूर, गुरगाव, कुठून कुठून फोन येतात. आणि फोनवरचा पहिला प्रश्न एकच, मीटर किती? जिचं मीटर कमी तिचा भाव जास्त. म्हणजे ज्याने गाडी कधी काढलीच नाही तो दूरदृष्टीचा ठरला, आणि ज्याने पोराबाळांना कोंबून महाबळेश्वर दाखवलं तो मूर्ख. काहीही न करता श्रीमंत झालेली ही माणसं मला सांगतात, कष्ट कर!

*

रविवारी सकाळी हे सगळे मालक गॅरेजबाहेर जमतात. चहा आमचा, गप्पा त्यांच्या.

एकदा कोथरूडचे एक रिटायर्ड साहेब गाडी विकायला काढायची म्हणून घेऊन आले. मीटरवर फारच थोडे मैल. साहेबांनी भाषण सुरू केलं. गाडी त्यांनी देवासारखी जपली, घरचं लग्नकार्य सोडलं तर शेडमधून हलवली नाही वगैरे. इक्बालभाईंनी दार उघडून ब्रेकच्या पेडलवर नुसता अंगठा फिरवला. पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसत होतं. इक्बालभाई सभ्य माणूस, काही बोलले नाहीत.

मागच्या सीटवर साहेबांच्या मिसेस बसल्या होत्या. त्या काच खाली करून म्हणाल्या, "अहो, मग आपण दर मे महिन्यात गोव्याला कशाने जायचो?"

साहेब चहा न घेता गेले. फुकटचा चहा सोडून माणूस गेला, यावरून पुणेकरांनी प्रसंग किती गंभीर होता ते ओळखावं.

*

आता खरा माणूस. शनिवार पेठेतले नाना.

नानांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी इंजिनिअरकडून त्यांनी इंपाला घेतली. आकाशी रंग, स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि लांबी एवढी की नाक शेडमध्ये शिरतं तेव्हा शेपूट गल्लीत असते. मीटर दहा हजार मैलांच्याही आत. पेठेतल्या तीनचाकी हातगाड्या याहून जास्त चालल्या असतील.

ती शेवटची धड चालली नानांच्या लग्नात. कार्यालयापासून घरापर्यंत. दारात उतरताना नाना नव्या नवरीला म्हणाले होते, उद्या खडकवासल्याला जाऊ. ती नवरी म्हणजे आमच्या काकू. आता त्यांना नातवंडं आहेत आणि तो उद्या अजून उजाडलेला नाही. आधी पेट्रोल महाग होतं, मग पार्ट मिळत नव्हते, आणि गेली दहा वर्षं नानांचं उत्तर एकच होतं, व्हॅल्यू कमी होईल.

महिन्यातून एकदा मी जाऊन जागेवरच इंजिन सुरू करून देतो. पहिल्या खेपेला नानांनी विचारलं, डिग्री पूर्ण केलीस का. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं.

मी म्हणालो, "नाना, मी निदान तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलो. तुमची गाडी लक्ष्मी रोडपर्यंत पोचली नाही."

नाना आत निघून गेले. काकूंनी त्या दिवशी पोह्यांवर खोबरं जरा जास्तच घातलं होतं.

*

दसऱ्याला गाडीची पूजा होते. झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, आणि मग कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन परत. मीटर वाढू नये म्हणून नाना इंजिन सुरू करू द्यायचे नाहीत. गल्लीतल्या गणपती मंडळाची पोरं गाडी ढकलत न्यायची आणि ढकलत आणायची. वर्षानुवर्षं!

मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा नानांना सांगितलं की मीटरची केबल गिअरबॉक्समधून येते. चाकं फिरली की मीटर फिरतं, इंजिन चालू असो नाहीतर बंद.

नाना खाली बसले. म्हणजे खरोखरच, शेडच्या पायरीवर. इतकी वर्षं मारुतीने मीटर पाडलं होतं आणि त्यांना पत्ता नव्हता. जरा वेळाने त्यांनी विचारलं, गाडी मागे ढकलली तर मीटरही मागे जातं का? मी म्हणालो, या मॉडेलचं जातं.

पुढच्या दसऱ्याला गाडी मारुतीपर्यंत सरळ गेली आणि घरापर्यंत उलटी आली. म्हणजे देवदर्शन झालं, पण हिशेबात गाडी घरातच. पोरांचे खांदे निखळायची वेळ आली. शेवटच्या वळणावर त्यांच्यातला एक धापा टाकत म्हणाला, "नाना, पुढच्या वर्षी मारुतीलाच इकडे आणू. तो हलका आहे."

*

मग नानांच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट ठरलं. नव्या प्लॅनमधल्या पार्किंगमध्ये इंपालाचं फक्त बॉनेट मावत होतं. गाडी विकणं भाग होतं.

इक्बालभाईंनी गिऱ्हाईक आणलं, हडपसरच्या पुढच्या मांजरी गावचे तात्या. उसाची जमीन, त्यातल्या थोड्या जमिनीवर आता टॉवर. तात्यांनी गोठ्याशेजारी खास काचेची खोली बांधली होती, आत एसी. म्हशी बाहेर उन्हात.

तात्या आले ते सरळ स्टिअरिंगपाशी गेले. मोबाइलचा टॉर्च लावून मीटर वाचलं, पुन्हा वाचलं. बाकीची गाडी बघायची नाही का, असं नानांनी जरा दुखावून विचारलं.

तात्या म्हणाले, "बैल घ्यायचा तर आधी दात बघायचं असत्यात. शेपूट काय, नंतरबी बघता येतंय."

मी विचारलं, घेतल्यावर चालवणार ना? तात्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "येडा हायेस का? मीटर वाढंल की."

मला वाटलं होतं हा रोग फक्त पेठांमध्ये आहे. तो आता हद्दीबाहेरही पोचलाय.

*

पण तात्या कच्चे नव्हते. पेडलची रबरं बघितली, नवी कोरी. ड्रायव्हरची सीट दाबली, टणक. मग उजव्या बाजूची पुढची सीट दाबली आणि त्यांचा हात आत गेला. स्प्रिंगा पार खचलेल्या.

तात्यांचा चेहरा बदलला. हिच्यात कुणीतरी लई फिरलंय, म्हणाले, मीटर मागं घेतलेलं हाय. नाना लाल झाले. मारुतीची शपथ घेतली. तात्या चपला घालायला लागले. इक्बालभाई माझ्याकडे बघायला लागले, मी इक्बालभाईंकडे.

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ती सीट मी खचवलीय," म्हणाल्या.

रोज दुपारी त्या गाडीत बसतात म्हणे. भाजी निवडतात. घरात नाना घोरतात, आणि गाडीच्या काचा वर केल्या की ऐकू येत नाही. नानांना हे आजवर माहीत नव्हतं, कारण त्या वेळी ते घोरत असायचे.

तात्यांनी विचारलं, "बसून करता काय, काकू?"

"खडकवासल्याला जाते," काकू म्हणाल्या. "आज धायरीपर्यंत पोचले होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली."

 तात्यांनी चपला परत काढल्या. सीट हाय तशीच ऱ्हाऊ द्या, म्हणाले, नवी करू नका. सौदा ठरला. फक्त त्यांनी मीटरचा फोटो काढून घेतला आणि सांगितलं, माझ्या दारात उतरंल तवा आकडा ह्योच पायजे.

मी निघताना नानांना दारातच गाठलं. म्हटलं, गाडी जायच्या आधी काकूंना एकदा घेऊन जा. मी तात्यांशी बोलतो. नाना म्हणाले, आता फोटो निघालाय.

"तुमच्या पिढीने सगळं जपून ठेवलं, नाना. गाडी, क्रोकरी, रागसुद्धा. वापरायचं तेवढं राहिलं."

"तू डिग्री पूर्ण कर," नाना म्हणाले आणि दार लावून घेतलं.

*

गाडी न्यायला सपाट पाठीचा टोइंग ट्रक आला. नानांची ऑर्डर आधीच तयार होती. गाडी उलटी चढवायची, म्हणजे चढताना मीटर मागे जाईल. मांजरीत सुलटी उतरली की आकडा जिथल्या तिथे. एवढं डोकं या माणसाने दुकानात चालवलं असतं तर अर्धा लक्ष्मी रोड त्याचा असता.

गाडी चढवायची तर आत काकू. उजव्या सीटवर, इरकली नेसून, मांडीवर पर्स. उतरा म्हटलं तर उतरेनात.

"लेक सासरी जाते तेव्हा पाठराखीण जाते की नाही? मी पोचवून येते."

नानांनी सांगून बघितलं. इक्बालभाईंनी हात जोडून बघितले. शेवटी साखळी लावली आणि गाडी काकूंसकट वर गेली. काकूंनी दाराची आतली मूठ घट्ट धरली होती, पण चेहरा असा की रोज जातात.

नाना दोन मिनिटं खाली उभे राहिले. मग म्हणाले, "एकटी बाई आत. हँडब्रेक कोण बघणार?" आणि गुडघ्यांमुळे तीन वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या व्याह्यांकडे न गेलेला हा माणूस स्टुलावरून ट्रकवर चढला आणि डावीकडे स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

इक्बालभाई ट्रकच्या केबिनमध्ये, मी मागे बाइकवर. आता गाडी उलटी चढवलेली, त्यामुळे तिचं तोंड मागच्या ट्रॅफिककडे. बाजीराव रोडवर लोकांना समोरून एक अवाढव्य आकाशी गाडी अंगावर येताना दिसत होती, आत म्हातारा-म्हातारी, आणि ती येतच नव्हती. दोन रिक्षावाल्यांनी तर सवयीने शिव्या दिल्या. काकू हात हलवत होत्या.

सारसबागेजवळच्या सिग्नलला ट्रक थांबला. डावीकडे स्वारगेट, हडपसर, मांजरी. उजवीकडे दांडेकर पूल, सिंहगड रोड, खडकवासला. ट्रकचा डावा इंडिकेटर चालू होता.

काकूंनी काच खाली केली आणि मला बोटाने बोलावलं. "ड्रायव्हरला सांग, उजवीकडे घे."

मी बाइक पुढे काढून केबिनशी गेलो. इक्बालभाई म्हणाले, मांजरीत तात्या हार घेऊन उभे आहेत, नानांना विचार. मी परत मागे. मागची सगळी जनता हॉर्न वाजवत होती. मी ओरडून नानांना सांगितलं, काकू उजवीकडे म्हणतायत.

नाना म्हणाले, "मांजरी डावीकडे आहे."

काकू त्यांच्याकडे वळल्या. आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, "मीटर पडतंय का?"

नानांनी खाली वाकून मीटर बघितलं. चष्मा वर करून पुन्हा बघितलं. सिग्नल हिरवा झाला. नानांनी त्यांच्या बाजूची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि माझ्यावर खेकसले, "बघत काय बसलास? ही काय म्हणाली ते ऐकू येत नाही?"

मी केबिनकडे बघून हात उजवीकडे केला. इंडिकेटर बदलला. ट्रक दांडेकर पुलाकडे वळायला लागला, आणि वर, साखळ्यांनी बांधलेल्या गाडीत, नानांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग वळवलं.