बाकड्यावरचा म्हातारा

साठ सालच्या आसपास मी फिरत्या दवाखान्याची गाडी चालवत असे. औषधं, स्टोव्ह, पाण्याची टाकी, डॉक्टरांची नि माझी पथारी, रोग्यासाठी एक बाकडं, असा सगळा संसार त्या गाडीतच. वजनानं मागच्या चाकांवरची कमान, म्हणजे पोलादी पाट्यांची स्प्रिंग, पार बसली होती. खड्डा आला की गाडीचं बूड घासायचं आणि आतला रोगी कण्हायचा.

पांढरकवड्याला सडकेच्या कडेला, लिंबाखाली, एक म्हातारा ट्रकांच्या कमानी दुरुस्त करायचा. मी त्याला ऐटीत सांगितलं, "तीन पाटे वाढवा." त्यानं मुकाट्यानं वाढवले. गाडी मागून चांगली उचलली गेली. मी खूश.

तो मात्र हात पुसून आत शिरला आणि रोग्याच्या बाकड्यावर उताणा झोपला. म्हणाला, "चालव नाक्यापरेंत."

परत आलो तेव्हा तो कंबर धरून उतरला. "गाडी त मजबूत झाली," तो म्हणाला, "पण आत माणूस झोपते ना बाप्पा."

त्यानं एक पाटा काढला, मागचं वजन कमी व्हावं म्हणून पाण्याची टाकी माझ्या सीटमागं सरकवली आणि पुन्हा झोपला. पुन्हा नाका. मग आणखी एक पाटा काढला.

तिसऱ्या फेरीनंतर तो उतरेचना. हाक मारली, तरी ओ नाही. घाबरून मागं गेलो, तर म्हातारा घोरत होता.

पुढं त्या बाकड्यावरून कितीतरी रोगी आणले. मागचं कण्हणं थांबलं की वाटायचं, रोगी गेला की काय. मग गाडी हळू करून मी कान द्यायचो. बहुतेकदा घोरणंच ऐकू यायचं.